चूक, अपराध आणि औषधाची बाटली



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला निमंत्रित केलेत, याबद्दल मी शाळेचा मनःपूर्वक ऋणी आहे. ‘रुग्णाची सुरक्षितता’ हा विषय मी निवडल्याचे कळले तेव्हा काही स्नेह्यांनी आश्चर्य व्यक्त केले. जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने दवाखान्यात कशाला शिरावे, असा त्यांचा प्रश्न होता. माझे उत्तर दुहेरी आहे. एक तर या विषयाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान आपल्या बडोद्याच्या वेशीवरच लिहिले गेले आहे आणि बडोदेकरांनाच त्याचा विसर पडला आहे. दुसरे असे की, या विषयाची मूळ गाठ दोन साध्या शब्दांत आहे. ते शब्द म्हणजे ‘चूक’ आणि ‘अपराध’.

‘चुकणे’ हे आपले क्रियापद किती निरागस आहे पाहा. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, हिशेब चुकतो. जिथे पोहोचायचे होते तिथे पोहोचलो नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘अपराध’ हा शब्द मात्र उच्चारताच फौजदार आणि न्यायासन डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः संस्कृतात या शब्दाचा पूर्वार्थ ‘चूक’ याहून फारसा निराळा नव्हता. ज्याचा बाण लक्ष्य सोडून जातो अशा धनुर्धराला संस्कृतात ‘अपराद्धपृषत्क’ म्हणतात. म्हणजे अपराध हा मुळात चुकलेला बाणच. पुढे त्या बाणाला हेतू चिकटला, पाप चिकटले आणि शिक्षाही चिकटली. भाषेत जे शतकानुशतके घडले, तेच रुग्णालयाच्या आवारात कधी कधी एका रात्रीत घडते. सकाळी जी चूक असते ती संध्याकाळपर्यंत अपराध होऊन बसते. ही उलथापालथ रुग्णाच्या हिताची असते काय, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

उंडेरे, १८९८

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजेच प्लेगचा, रोगी ओळखला. त्यानंतर काही आठवड्यांतच रशियातील ज्यू कुटुंबात जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईस येऊन दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी अल्पावधीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवरही तिचा प्रयोग झाला. तथापि खेड्यापाड्यांतील सर्वसामान्य माणसांना तिचा कितपत उपयोग होतो, हे निर्विवादपणे सिद्ध व्हायचे होते.

ते सिद्ध करण्याची एक संधी फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंडेरे गावी मिळाली. बडोद्यापासून सहा मैलांवरचे हे गाव आज शहराला पार चिकटून गेले आहे. गावात प्लेग शिरलेला होता. गावकऱ्यांना कुटुंबवार एकत्र करण्यात आले आणि प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. एकाच छपराखाली राहणारी, एकाच विहिरीचे पाणी पिणारी, एकाच चुलीवरचे जेवणारी माणसे, काही टोचलेली आणि काही न टोचलेली. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांची घरोघर फिरून मोजदाद झाली. त्या कुटुंबांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. शेकडा प्रमाण काढले तर एका बाजूस सुमारे ४ मृत्यू आणि दुसऱ्या बाजूस सुमारे ४१.

आजच्या दृष्टीने या प्रयोगात बोचणारे पुष्कळ आहे. अर्ध्या घराला वगळायचे हे कोणी ठरविले, त्या माणसांना काय सांगितले गेले, हे प्रश्न आपण आज विचारतो आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु उंडेऱ्याने एक धडा दिला. औषधाची योग्यता ते देणाऱ्याच्या कीर्तीवरून ठरवायची नसते. ती मोजून ठरवायची असते. काय केले, कोणाला केले, पुढे काय झाले, हे शिस्तीने टिपून ठेवणारी वही लसीइतकीच मोलाची असते. पुढच्या चारच वर्षांत, जेव्हा एक अरिष्ट कोसळले, तेव्हा ही शिस्त नेमकी तपासाच्या कामी आणायला माणसे विसरली.

मलकोवाल, १९०२

१८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९०२ च्या सुमारास पंजाबात प्लेगने थैमान घातले होते आणि तेथील सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीची मागणी केली. मागणी पुरी करायची तर लस झपाट्याने तयार होणे आवश्यक होते. म्हणून हाफकिन यांनी निर्मितीच्या पद्धतीत बदल केला. लस निर्जंतुक राहावी म्हणून पूर्वी तीत कार्बोलिक ॲसिड मिसळीत. नव्या पद्धतीत त्याऐवजी उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या गावी १०७ माणसांना लस टोचण्यात आली. हे गाव पंजाबातील ‘गुजरात’ याच नावाच्या जिल्ह्यात होते. आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून १९ जणांना लस मिळाली होती. आठवडाभरात त्या एकोणीसही जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि एकोणीसच्या एकोणीस मृत्युमुखी पडले. इतर चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

चौकशी आयोग नेमला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स हे त्याचे प्रमुख होते. बाटली मलकोवालला उघडली जाण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, दूषित झाली असावी, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कार्बोलिक ॲसिड वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि १९०४ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले. ज्या माणसाने स्वतःच्या दंडात पहिली सुई टोचली होती, तो एकोणीस जणांचा मारेकरी ठरला.

परंतु चौकशीच्या कागदांतच एक बारीकशी नोंद होती. मलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे वैद्यकाला तेव्हाही ठाऊक होते. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला कसलाही दुर्गंध येत नव्हता. धनुर्वाताचे जंतू तीत कित्येक आठवडे वाढत असते तर तो यायला हवा होता. लंडनच्या लिस्टर संस्थेतील तज्ज्ञांनी या पुराव्याची छाननी केली आणि बाटली उघडतानाच दूषित झाली असण्याचा संभव अधिक, असे मत दिले. कागद लोकांसमोर येण्यातच चार वर्षे गेली. मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू हिरिरीने मांडली. जुलै १९०७ मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले. अखेरीस हाफकिन यांची दोषमुक्तता झाली. ते हिंदुस्थानात परतले, परंतु मुंबईस नव्हे, कलकत्त्यास. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ साली देण्यात आले.

न विचारलेला प्रश्न

हाफकिन यांची कथा सांगताना आपण सहसा येथे थांबतो. थोर पुरुषावर आलेले किटाळ दूर झाले, सत्याचा विजय झाला, असे म्हणून समाधान मानतो. मला मात्र या विजयात एक सल दिसतो. हाफकिन यांच्या खांद्यावरचे ओझे उतरले खरे, परंतु ते ठेवले कोठे? ते जाऊन बसले एका सामान्य मदतनिसाच्या खांद्यावर. आधी मोठा माणूस दोषी होता, आता लहान माणूस दोषी झाला. दोषी बदलला, पण प्रश्न तोच राहिला: हे ‘कोणी’ केले?

दुसरा प्रश्न विचारता आला असता. चिमटा कधी ना कधी पडणारच नाही काय? उघड्या अंगणात, गर्दीत, रांगेतल्या माणसांच्या कोलाहलात एकामागून एक बाटल्या उघडणाऱ्या हातातून आज ना उद्या काहीतरी निसटणारच. मग निसटलेला चिमटा बाजूला टाकून दुसरा घ्यावा, अशी सोय त्याच्यापाशी ठेवायला नको काय? एका बाटलीत एकोणीस जणांचे भवितव्य साठवण्याऐवजी लहान बाटल्या भरता आल्या असत्या काय? आणि परळला पद्धत बदलली तेव्हा, एक संरक्षण काढून घेताना, पुढच्या टप्प्यावर दुसरे संरक्षण ठेवावे, असे कोणी सुचविले काय? कार्बोलिक ॲसिड लसीत असते, तर बाहेरून शिरलेल्या जंतूंना त्याने कदाचित आवर घातला असता. म्हणजे परळ की मलकोवाल, हा वादच अपुरा होता. एका ठिकाणी भिंत उतरवली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी चोर शिरला. घर फुटायला दोन्ही लागले.

ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत ते गुरुवर्य गणिताचे शिक्षक होते. त्यांचे विद्यार्थी सांगतात की, उत्तर चुकले म्हणून त्यांनी कोणाला छडी मारली नाही. ते फळ्यावर सगळे उदाहरण पुन्हा मांडावयास लावीत आणि गाडी कोणत्या पायरीवर रुळावरून उतरली ते शोधावयास सांगत. मुलगा कच्चा आहे, एवढे म्हणून उदाहरण सुटत नाही. माझ्या मते रुग्णसुरक्षेच्या आधुनिक शास्त्राचे बीज याच पद्धतीत आहे.

दांडा, खिळी आणि खाट

हे शास्त्र जन्मास आले ते रुग्णालयात नव्हे, विमानतळावर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बाँबफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिक चुकून पंखांच्या पडद्यांऐवजी चाके आत घेत. वैमानिक गाफील आहेत, असाच निष्कर्ष कोणीही काढला असता. १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चॅपॅनिस हे तरुण मानसशास्त्रज्ञ विमानाच्या कक्षात जाऊन बसले आणि त्यांना दिसले की चाकांचा दांडा व पडद्यांचा दांडा शेजारी शेजारी आहेत आणि अगदी सारखे आहेत. त्यांनी एका दांड्याला रबरी चाक बसविले आणि दुसऱ्याला पाचरीच्या आकाराची मूठ. वैमानिक तेच राहिले, चूक मात्र थांबली. माणसाच्या स्मृतीला, नजरेला आणि थकव्याला मर्यादा आहेत हे गृहीत धरून यंत्र, जागा व काम यांची रचना करणे, याला पुढे मानवी घटकांचे अभियांत्रिकी शास्त्र असे नाव मिळाले.

वैद्यकात ते प्रथम रुजले भूलशास्त्रात. भूल देताना प्राणवायूचा सिलिंडर आणि नायट्रस ऑक्साइडचा सिलिंडर यांची अदलाबदल झाली तर रोगी टेबलावरच जातो. सिलिंडरांना निरनिराळे रंग दिले, पण अपुऱ्या उजेडात आणि घाईत रंग फसवितो. १९५० च्या दशकात एक साधा उपाय रूढ झाला. सिलिंडर जेथे बसतो त्या खोबणीत दोन खिळ्या बसविल्या आणि प्रत्येक वायूसाठी त्यांच्या जागा निराळ्या ठेवल्या. चुकीचा सिलिंडर आता बसतच नाही. ‘लक्ष ठेवा’ अशी पाटी लावण्यापेक्षा ही खिळी अधिक विश्वासू आहे, कारण ती कधी थकत नाही. १९७८ साली बोस्टन येथील अभियंता जेफ्री कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल देताना घडलेले ३५९ टाळता येण्याजोगे प्रसंग अभ्यासले. त्यांतील शेकडा ८२ प्रसंगांच्या मुळाशी मानवी चूक होती. नळी सुटणे, वायूची चकती भलतीकडे फिरणे, एका सिरिंजऐवजी दुसरी उचलली जाणे, अशा या चुका होत्या. त्या करणारी माणसे अडाणी नव्हती.

हे शास्त्र मला पुस्तकात भेटण्यापूर्वी घरात भेटले होते. माझी एक मावशी परगावच्या एका रुग्णालयात होती. शेजारच्याच खाटेवर तिच्याच नावाची दुसरी बाई होती. खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या पाट्यांवर दोघींची केवळ पहिली नावे होती. रात्रपाळीच्या परिचारिकेने एकीचे इन्सुलिन दुसरीला, म्हणजे माझ्या मावशीला, टोचले. थोड्या वेळाने मावशीला दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले. समोरच्या खाटेवरील रोग्याच्या नातेवाइकाने आरडाओरड केली म्हणून डॉक्टर धावले आणि ती वाचली. दुसऱ्या दिवशी परिचारिकेला कामावरून कमी केल्याचे आम्हांला सांगण्यात आले. त्या वेळी आमचे समाधान झाले. त्या मुलीची ती सलग दुसरी पाळी होती, हे आम्हांला नंतर समजले. काही महिन्यांनी एका परिचिताला भेटावयास त्याच विभागात जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा खाटांच्या पाट्यांवर पूर्वीप्रमाणेच केवळ पहिली नावे होती. मुलगी गेली, पाटी राहिली. शिक्षा झाली आणि सुधारणा मात्र झाली नाही.

क्षमा कोणाला, कोणाला नाही

येथे एक शंका घेतली जाईल आणि ती रास्त आहे. सगळा दोष व्यवस्थेचा म्हटला तर मग कोणीच जबाबदार उरत नाही. दोष न देण्याचे तत्त्वज्ञान बलवानांना फार सोयीचे पडते. या शंकेचे उत्तर आपल्याला मुंबईतच शोधता येते.

जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूवरील किंवा डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरीन देण्यात आले होते. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. हे द्रव्य गोडसर, रंगहीन आणि स्वस्त असते. चवीने वा नजरेने ते ओळखू येत नाही. १९३७ साली अमेरिकेत याच द्रव्याने शंभरावर बळी घेतले होते आणि त्यानंतर १९३८ मध्ये तेथे औषधांसाठी कडक कायदा झाला होता. म्हणजे जे. जे. मधील दुर्घटना घडली तेव्हा धोका माहीत होऊन जवळजवळ अर्धे शतक उलटले होते.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि १९८७ च्या अखेरीस अहवाल सादर केला. त्याचे मोठेपण असे की, तो एका बाटलीपाशी किंवा एका कारकुनापाशी थांबला नाही. औषध कोणी पुरविले, ते कोणी खरेदी केले, तपासणी कशी झाली, औषध-प्रशासन काय करीत होते आणि मंत्रालयातून कोणता दबाव येत होता, अशी साखळी त्याने कडीकडीने उलगडली. तीत निष्काळजीपणा होता, तसाच भ्रष्टाचारही होता. तेथे ‘चूक’ हा शब्द अपुरा होता. जाणूनबुजून डोळेझाक करणे हा अपराधच, आणि त्याला शिक्षा हवीच.

म्हणून भेद असा करावा लागतो. थकलेल्या हातातून चिमटा पडणे ही चूक आहे. दुसरा चिमटा न देणे ही व्यवस्थेची उणीव आहे. चिमटे पडतात हे माहीत असूनही, आणि दुसरे देणे शक्य असूनही, पैसे वाचविण्यासाठी न देणे हा अपराध आहे. पहिल्याला आपण समजून घ्यावे, दुसरीची दुरुस्ती करावी, तिसऱ्याला शासन करावे. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. पहिल्याला शासन होते, दुसरीकडे दुर्लक्ष होते आणि तिसऱ्याला काळ क्षमा करतो. तसे नसते तर २०२२ मध्ये गांबियातील सुमारे ७० बालकांच्या मृत्यूंच्या संदर्भात भारतात तयार झालेल्या सिरपांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेला इशारा द्यावा लागला नसता. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या बाजूची, वीसहून अधिक चिमुकली मुले खोकल्याच्या औषधाने दगावली नसती. त्यांतील कित्येकांवर उपचार नागपूरला चालू होते. विष तेच, डायएथिलीन ग्लायकॉल. लेंटिन अहवालास तेव्हा ३८ वर्षे होत आली होती.

यवतमाळचा एक धागा

या इतिहासात एक आशादायक पानही आहे आणि त्यावर मराठी नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातल्या उटी या खेड्यातील आत्माराम गावंडे नावाचा तरुण शिकून शल्यविशारद झाला आणि अमेरिकेत स्थायिक झाला. त्यांच्या पत्नी सुशीलाताई याही डॉक्टर, आणि मूळच्या गुजराती. बडोद्याला हा संगम नवा नाही. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक पडताळणीची यादी तयार केली. तीत १९ मुद्दे आहेत आणि त्यांसाठी तीन थांबे आहेत: भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रोगी शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी. हाच रोगी ना? हीच शस्त्रक्रिया ना? हीच बाजू ना? प्रतिजैविक वेळेवर दिले ना? चिमटे, सुया, बोळे मोजून पुरे भरले ना?

दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिची परीक्षा झाली आणि २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले आणि मोठ्या गुंतागुंतींचे शेकडा ११ वरून ७ वर. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, केवळ एक कागद. त्या कागदावरील एक मुद्दा मला विशेष भावतो. छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावयाचे असते. ज्याचे नाव एकदा उच्चारले गेले, त्याला पुढे ‘साहेब, थांबा, काहीतरी चुकते आहे’ असे म्हणण्याचे धैर्य येते. आपल्याकडे कनिष्ठाने वरिष्ठाला थांबविणे हा उद्धटपणा समजला जातो. गुरूचा, वडीलधाऱ्यांचा आदर ही आपली ठेव आहे. परंतु ज्या आदरापोटी परिचारिका गप्प राहते आणि रोगी प्राणास मुकतो, तो आदर नव्हे, ती भीती होय. अर्थात यादी म्हणजे जादू नव्हे. न विचारता, न पाहता खुणा करून मोकळे होणारी यादी ही खोटी साक्ष ठरते. आणि एका परिचारिकेवर साऱ्या विभागाचा भार टाकून तिच्या हातात वर आणखी एक कागद देणे ही थट्टाच.

आपले कर्तव्य

हाफकिन यांची दोषमुक्तता झाली त्याच १९०७ साली बडोद्यात ॲलेम्बिक केमिकल वर्क्सची स्थापना झाली. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांची प्रेरणा आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलालभाई अमीन यांचे परिश्रम तिच्यामागे होते. तेव्हापासून औषधनिर्मिती हा या नगरीचा एक प्रमुख व्यवसाय आहे. या शाळेचे किती तरी विद्यार्थी कारखान्यांत, प्रयोगशाळांत, औषधांच्या दुकानांत आणि रुग्णालयांत काम करीत आले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, दोन औषधांच्या बाटल्या सारख्या दिसत असतील, दोन कुप्यांच्या चिठ्ठ्यांचे रंग जुळत असतील, तर तो किरकोळ मुद्दा समजू नका. तो शेजारी शेजारी असलेला सारखा दांडा आहे.

आणि भाषेच्या माणसाने भाषेविषयी बोलल्यावाचून कसे राहावे? श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराचा शब्दकोश प्रसिद्ध झाला. सरकारी शब्द प्रजेपर्यंत न बिघडता पोहोचावा, ही त्यामागची दृष्टी. औषधाच्या बाबतीत ती दृष्टी आपण अद्याप अंगी बाणवलेली नाही. गुजराती वा मराठी वाचणाऱ्या आजीच्या हातात इंग्रजी चिठ्ठी पडते. कोणती गोळी कधी घ्यायची हे ती रंगावरून लक्षात ठेवते, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी येते तेव्हा रंग बदललेला असतो. आजीला विसराळू म्हणणे सोपे आहे. तिच्यासाठी तिच्या भाषेत, ठळक अक्षरांत गोळ्यांची एक यादी लिहून भिंतीवर लावणे फारसे अवघड नाही. शाळेतील आठवीचा विद्यार्थीही हे काम आपल्या घरात करू शकेल. मी तर म्हणेन, शाळेने ते त्याला गृहपाठ म्हणून द्यावे.

उंडेऱ्यातील त्या २८ कुटुंबांची नावे आज आपल्या ओठांवर नाहीत आणि मलकोवालच्या एकोणीस जणांचीही नाहीत. हाफकिन यांचे नाव राहिले. ते राहिले हे योग्यच झाले. परंतु वैद्यकाचे ज्ञान ज्यांच्या देहांवरून पुढे गेले त्यांचे ऋण नाव घेऊन फेडता येत नसेल, तर निदान त्यांच्या मरणातून जे शिकता आले ते न विसरण्याने तरी फेडावे. माणूस आहे तोवर बाण चुकणारच. तो रोग्यापर्यंत पोहोचण्याआधी अडविणारी ढाल कोठे ठेवावयाची, हे ठरविणे मात्र आपल्या हाती आहे. आणि ते ठरविण्यासाठी दर वेळी नवे एकोणीस किंवा नवे चौदा बळी पडण्याची वाट पाहावयास नको.